मोठ्या पल्ल्याचा माणूस

प्रेम ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत थोर गोष्ट आहे, याबद्दल आमच्या टारव्हर गावात दुमत नाही. फक्त ती फुटबॉलच्या मोसमात करायची नसते. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत इथं लग्न लावायला पाद्री मिळत नाही, आणि एखादं जोडपं एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेलं दिसलं, तर दोघांपैकी एकाला चष्मा आहे आणि दुसऱ्याला त्यात मागच्या टीव्हीवरचा स्कोअर दिसतोय, असं खुशाल समजावं.

आमच्या कॉलेजच्या संघाचं नाव बगळे. हा पक्षी एका पायावर तासन्‌तास काहीही न करता उभा राहतो. संघानं ही परंपरा निष्ठेनं जपली आहे. वेस बर्कहॉल्टर हे संघाचे मुख्य प्रशिक्षक, म्हणजे गावाचे 'कोच'. त्यांचं हे तिसरं वर्ष, आणि गावापुढे एकच प्रश्न होता: हा माणूस मोठ्या पल्ल्याचा, म्हणजे इथं टिकणारा, आहे का? तळं आटतंय, गिरणी बंद पडली, पूल खचलाय; पण त्याला वेळ आहे. आधी कोचचं काय ते ठरू दे.

संघ शनिवारी हरला की, 'गाव सोडा' हे सांगायला रविवारी पहाटे कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशा पाट्या रोवायच्या, ही आमच्याकडची जुनी पद्धत. पाट्या कुणी नव्या करत नाही. गावात जिथं खरोखरच घर विकायचं असतं तिथून त्या उपटून आणतात. आणि गावातली बहुतेक घरं विकायला असायची घरांची दलाली करणाऱ्या मार्गो प्रुएटकडे. अठ्ठावीस वर्षांची, बोलायला फटकळ, आणि प्रत्येक पाटीवर स्वतःचा हसरा फोटो छापण्याइतकी आशावादी.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी झिमझिम पाऊस होता. आपल्या पाट्या न्यायला मार्गो कोचच्या घरापाशी आली, तर ओल्या गवतावर अकरा मार्गो हसत उभ्या, आणि त्यांच्यामध्ये गुडघ्यावर बसलेला एक पुरुष. केस कपाळाला चिकटलेले, हात चिखलानं भरलेले. त्यानं पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पाटीकडे.

"तुम्ही बारावी," तो म्हणाला.

"काय?"

"इथं अकरा आहेत. तुम्ही बारावी. पण... तुम्ही हसत नाही आहात."

"पाट्या माझ्या आहेत, मिस्टर. दुसऱ्याच्या धंद्याच्या पाट्या चोरायला लाज नाही वाटत?"

"मी उपटतोय, बाई. चोर रोवून गेले."

"चोर असंच म्हणतात."

"फार चोर ओळखीचे दिसतात तुमच्या."

"काल स्टेडियममध्ये तीस हजार होते," मार्गो म्हणाली. "निम्मे तरी नात्यातले."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हलतो, हे तिनं पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली.

त्याचं नाव रूबेन टॅली. कोचच्या हाताखालचा. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक हातातच असतो; जी थोडी मुलं किक मारतात त्यांना शिकवणारा. "काल शेवटची किक खांबाला लागली ना," तो म्हणाला, "तो पोरगा माझा."

"अरेरे."

"खांबाचीही चूक नव्हती. तो आधीपासूनच तिथं आहे."

"पण पाट्या तुम्ही का काढताय? इतक्या पहाटे, पावसात?"

रूबेननं घराच्या बंद खिडकीकडे पाहिलं. "कोचची धाकटी नुकतीच वाचायला शिकलीय. मागच्या रविवारी तिनं आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य वाचलं. ह्या अंगणात."

मार्गोनं बाह्या वर केल्या आणि एका मार्गोला मानेला धरून उपटायला सुरुवात केली. अकरावी पाटी गाडीत ठेवताना त्याच्या चिखलाच्या बोटांचा ठसा तिच्या मनगटावर उमटला. तिनं तो पुसला नाही. घाईत होती म्हणून, असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं.

"पुढच्या रविवारी... येणार?" त्यानं विचारलं.

"तुम्ही शनिवारी जिंकलात तर?"

"तर मग भेट व्हायची नाही."

बगळ्यांनी त्यांची निराशा केली नाही. पुढचे तीन सामने ते हरले. प्रेमाला इतका अनुकूल मोसम गावात पूर्वी झाला नव्हता. दुसऱ्या रविवारी तिनं थर्मासमध्ये कॉफी आणली, तिसऱ्या रविवारी त्यानं हॅम घातलेले गरम पाव. चौथ्या रविवारी पाट्या सहाच होत्या, पण त्या काढायला दोन तास लागले. दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले ते दोघांनाही कळलं नाही.

"नऊ वर्षांत सहा गावं," तो एकदा म्हणाला. "मुख्य कोच गेला की हाताखालचे सगळे जातात. नवा येताना आपली माणसं घेऊन येतो. माझा अख्खा संसार गाडीच्या मागच्या सीटवर मावतो. टेबल कधी घेतलंच नाही. टेबल मावत नाही."

"मग जेवतोस कशावर?"

"सिंकपाशी उभा राहून."

"एका पायावर का दोन्ही?"

तो इतका हसला की कोचच्या खिडकीचा पडदा हलला.

इकडे डॉटच्या खाणावळीत गाव कोचचं भवितव्य ठरवत होतं. मार्गोचे वडील हॉलिस प्रुएट हे 'आत्ताच्या आत्ता काढा' पक्षाचे. त्यांचा बालमित्र ड्वाइट 'आणखी दोन वर्षं द्या' पक्षाचा. एकाच टेबलावर समोरासमोर बसून, मध्ये उकडलेल्या शेंगांचा वाडगा ठेवून, दोघं चौदा वर्षं चार कोचांबद्दल हेच बोलत आले होते.

"माणूस पाया घालतोय, हॉलिस. पाया घालताना भिंत दिसत नाही."

"तीन वर्षं नुसता खड्डाच खणतोय तो. कबर म्हणतात त्याला."

"पोरं अजून कच्ची आहेत."

"तुझी बायको लग्नात कच्ची होती, ड्वाइट. तिनं तीन वर्षांत तुला सुधारलं की नाही?"

"नाही," काउंटरमागून डॉट म्हणाली.

"आणि हे ऐक," हॉलिस आवाज खाली आणून म्हणाले, "कॉलेजचं विमान गुरुवारी आर्कान्सा राज्यात उतरलंय. माझ्याकडे पक्की खबर आहे. नवा कोच बघायला गेलेत."

नंतर कळलं की कॉलेजच्या अध्यक्षांची तिथं दाढ काढायची होती. पण तोवर गावानं आर्कान्सातल्या तीन कोचांच्या बायकांची नावंही शोधून काढली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी कोचची बायको मार्गोच्या ऑफिसात आली. तिनं दार नीट लावून घेतलं.

"मार्गो," ती म्हणाली, "तुझी पाटी इतक्या वेळा माझ्या अंगणात आलीय की दुसऱ्या कुणाकडे जाणं बरं दिसलं नसतं."

"मिसेस बर्कहॉल्टर, मी गावाच्या वतीनं माफी..."

"माफी नको. घर विकायचंय. खरंखरं." तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "आम्ही दूर उत्तरेला, मोंटानाला चाललोय. छोटं कॉलेज आहे, माझ्या आईच्या जवळ. वेसनं होकार कळवलाय. पण शेवटचा सामना होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. संघातल्या मुलांना नाही, हाताखालच्या माणसांनाही नाही. मला शब्द दे."

मार्गोनं शब्द दिला. गावातल्या घरांमध्ये काय काय चालतं हे तिला माहीत असे, आणि ते ती कुणालाही सांगत नसे. तिचा धंदा चालायचा तो यावरच.

दुसऱ्याच दिवशी रूबेन ऑफिसात उगवला. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"मला घर घ्यायचंय," तो म्हणाला. "विकत."

"काय?"

"कोचनी काल माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, रूबेन, आपण इथं मोठ्या पल्ल्यासाठी आहोत." तो थांबला, कान लाल झाले. "आणि... दुसरंही एक कारण आहे. ते घर मिळाल्यावर सांगेन."

ते दुसरं कारण टेबलाच्या पलीकडे बसून हिशेब करत होतं. गप्प बसावं, तर हा माणूस नऊ वर्षांची सगळी पुंजी अशा गावात पुरणार जिथं महिन्याभरात त्याला काम उरणार नाही. सांगावं, तर शब्द मोडतो. आणि कसंही करून त्याला कळलंच, तर तो गाडी भरणार आणि जाणार. सातव्या गावाला.

मार्गोनं त्याला घरं दाखवायला सुरुवात केली. अशी की पाहणाऱ्यानं नुसतं पाहतच राहावं, घेऊ नये.

"ह्याचं छप्पर गळतं."

"मार्गो, आत्ता पाऊस पडतोय. गळत नाहीये."

"गळेल."

दुसऱ्या घरी ती म्हणाली, "शेजारचा माणूस ट्रॉम्बोन वाजवतो."

रूबेननं कान दिला. "ऐकू येत नाही."

"अजून शिकला नाहीये. पण त्याचा तोंडवळा बघ."

तिसऱ्या घरात तिनं सगळ्या खोल्या दोनदा पालथ्या घातल्या. मग म्हणाली, "ह्याला जिना नाही."

"एकमजली आहे गं."

"तेच तर. उद्या चढावंसं वाटलं तर काय करशील?"

"तू आजवर एक तरी घर विकलंयस?" त्यानं विचारलं. तो हसत होता, पण नजर आता तिच्या चेहऱ्यावरून हटत नव्हती.

इकडे डॉटकडे वाद ऐन रंगात होता. शेवटचा सामना दहा दिवसांवर आलेला. हॉलिसनी लेकीला मध्ये ओढलं. "तू सांग, पोरी. तू रोज गावभर फिरतेस. टिकेल का हा?"

कोचचं घर सोडलं तर अख्ख्या टारव्हरमध्ये ह्या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसाला माहीत होतं. तिनं शेंग सोलली, खाल्ली, आणि दुसरी घेतली.

"बघ," ड्वाइट विजयानं म्हणाला. "हिचंही माझ्यासारखंच मत आहे."

चौथं घर मिल स्ट्रीटवरचं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे पिकन अक्रोडाचं झाड, आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी टेबल मावेल एवढी जागा. रूबेन त्या रिकाम्या जागेपाशी उभा राहिला. दोन्ही हात पसरून त्यानं माप घेतलं आणि हात तसेच ठेवून तिच्याकडे वळला.

"ह्यात काय खोट आहे?"

मार्गोनं छताकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. नळ सोडला, बंद केला.

"ह्यात..." ती म्हणाली, "ह्यात काहीच खोट नाही."

"मग घेतो."

"घेऊ नकोस."

बाहेर पानांवरून पाणी टपटपत होतं. त्याचे हात हळूहळू खाली आले.

"मार्गो... तुला काही माहीत आहे."

"मला विचारू नकोस."

"मिसेस बर्कहॉल्टर मागच्या आठवड्यात तुझ्या ऑफिसातून..."

"रूबेन. मी शब्द दिलाय. मी काही बोललेली नाही आणि बोलणार नाही."

तो जाऊन पडवीच्या पायरीवर बसला. बऱ्याच वेळानं ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"ठीक," तो म्हणाला. "तू काही सांगितलं नाहीस. मी काही विचारलं नाही." मग स्वतःशीच, "गाडी भरायला मला चाळीस मिनिटं लागतात."

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. घर खपवणं हा जिचा धंदा, तिला एवढं एक वाक्य जड जात होतं.

"घर घेऊ नकोस म्हणाले मी," ती म्हणाली. "राहू नकोस... असं नाही म्हणाले."

त्यानं मान वळवली. मधली एका माणसाची जागा कुणी भरली हे आम्हाला माहीत नाही. समोरच्या घरातल्या मिसेस ओडोमना माहीत आहे. त्या म्हणतात, दोघांनी निम्मी निम्मी.

बगळे शेवटचा सामना जिंकले. ड्वाइटनं हॉलिसना चोवीस तास जगू दिलं नाही. सोमवारी सकाळी दहाला कोचनी राजीनामा दिला, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी गावातल्या प्रत्येकाला हे आधीच माहीत होतं. सव्वादहाला कोचनी रूबेनला मोंटानाला बोलावलं. रूबेननं एक दिवस मागून घेतला.

मंगळवारी सकाळी तो डॉटकडे आला तेव्हा मार्गो वडिलांच्या शेजारी बसली होती. त्याच्या गाडीची मागची सीट खिडकीतून दिसते का, हे तिनं तीनदा पाहिलं होतं. दिसत नव्हती.

हॉलिसनी त्याला खालून वर न्याहाळलं. "खांबाला मारणाऱ्या पोराचा मास्तर तूच ना?"

"हो, सर."

हॉलिसनी बराच विचार केला. "बस," ते म्हणाले.

रूबेन बसला नाही. टोपी हातात घेऊन तो मार्गोशी बोलला, पण ऐकलं सगळ्या खाणावळीनं. "इथल्या शाळेला गेल्या वसंत ऋतूपासून गणिताचा मास्तर मिळत नव्हता. माझी पदवी गणिताची आहे. त्यांच्या पोरांना किकही मारता येत नाही. जानेवारीपासून ये म्हणालेत." त्यानं श्वास घेतला. "नऊ वर्षं ज्या ज्या गावात गेलो, तिथं लोक आम्हाला घालवायला टपलेले असायचे. राहा, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. ते घर मी भाड्यानं घेतोय, मार्गो. एक टेबल निवडायचंय. येशील?"

"किती माणसांचं?" मार्गोनं विचारलं. आवाज तिच्या मनासारखा निघाला नाही.

"ते तूच सांग."

"मोठं घ्या," ड्वाइट म्हणाला. "हॉलिस जेवायला यायचा."

लग्न जूनमध्ये झालं, कारण जूनमध्ये सामने नसतात. पाद्री मिळाला. दोघं मिल स्ट्रीटवर राहतात, आणि त्यांच्या हसण्याबद्दल मिसेस ओडोमची तक्रार आहे, पण ती त्या खिडकी उघडी ठेवूनच करतात. दरम्यान नवा कोच आला. तो मोठ्या पल्ल्याचा माणूस आहे, यावर आयुष्यात पहिल्यांदा हॉलिस आणि ड्वाइट यांचं एकमत झालं. त्याच्या पहिल्या मोसमात बगळे चार सामने जिंकले. बर्कहॉल्टर त्यांच्या शेवटच्या मोसमात पाच जिंकले होते.