छत्तीस रोपं आणि चार

इराने सकाळी शेतात लावलेली छत्तीस रोपं संध्याकाळपर्यंत मेली. पानं पांढरी पडून कागदासारखी चुरचुरत होती. पाणी कमी पडलं नव्हतं, ओंजळीओंजळीने तिनेच घातलं होतं. त्याच बियांची, त्याच मातीतली चार रोपं मात्र हरितगृहात (काचेच्या उबदार घरात) टवटवीत उभी होती. मग हीच का मेली?

साल होतं २०६४. हिमालयातल्या एका उंच दरीत संशोधन केंद्र होतं. इराचे बाबा तिथे हवामानाच्या नोंदी ठेवायचे. त्यांची धाकटी बहीण सुमेधा, म्हणजे इराची आत्या, वनस्पतिशास्त्रज्ञ होती. थंडी सोसणारा टोमॅटो तयार करण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. जानेवारीत ती आजारी पडली. हेलिकॉप्टरने तिला खाली शहरात नेलं आणि ती परत आलीच नाही. मागे राहिल्या चाळीस बिया आणि हरितगृहाच्या भिंतीवर चिकटवलेली, तिच्या अक्षरातली कामांची यादी.

बाबा तेव्हापासून हरितगृहात पाऊल टाकत नव्हते. अकरा वर्षांच्या इराने यादी एकटीने पाळली. फेब्रुवारीत छतावरचं बर्फ झाडून काचा पुसल्या, म्हणजे हिवाळ्याचं कोवळं ऊन आत यावं. महिनाअखेरीस ट्रेमध्ये बी पेरलं. मार्चमध्ये पानं फुटल्यावर एकेक रोप वेगळ्या कुंडीत हलवलं. एप्रिलमध्ये दुपारी झरोके उघडले, नाहीतर आत भट्टी व्हायची. शेवटची ओळ होती, ‘मेचा पहिला रविवार. रोपं शेतात.’

तिने तेच केलं होतं. चार रोपं फार बारकी होती, म्हणून तेवढी मागे ठेवली.

हरितगृहाच्या कोपऱ्यात आत्याचा यंत्रमानव, धोंडू, कापडाखाली उभा होता. आत्याला नेलं त्याच दिवशी बाबांनी त्याला बंद केलं होतं. इराने कापड ओढलं आणि कळ दाबली.

“नमस्कार, इरा. सुमेधाताई कुठे आहेत?”

याला हे सांगावं लागेल, हे इराच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आत्या गेली, धोंडू. जानेवारीत.”

धोंडूचे दिवे बराच वेळ लुकलुकत राहिले. “ही माहिती माझ्याकडे नव्हती,” तो म्हणाला. “ताई रोज मला रोपं मोजायला सांगायच्या. आज मोजू?”

“चारच आहेत. बाकीची मी मारली.” इराला रडू आवरेना.

धोंडूने तिच्या हातातलं वाळकं पान निरखलं. “यादीत एक काम नाही. ते मी करायचो, म्हणून ताईंनी लिहिलं नाही. हरितगृहात वारा नसतो, हवा दमट असते. काच अतिनील किरण (उन्हातले डोळ्यांना न दिसणारे तीव्र किरण) बरेचसे अडवते. त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो. पर्णरंध्रं (पानावरची अतिसूक्ष्म छिद्रं) नीट मिटायला शिकत नाहीत. एकदम बाहेर नेलं की ऊन पान भाजतं आणि कोरडा वारा त्यातलं पाणी भराभर ओढून घेतो. मुळं तेवढ्या वेगाने पाणी वर पाठवू शकत नाहीत.”

“म्हणजे मी घातलेलं पाणी...”

“मातीतच राहिलं.”

“मग बाहेर न्यायचीच नाहीत?”

“न्यायची, पण हळूहळू. पहिल्या दिवशी तासभर, सावलीत. मग दोन तास. मग थोडं ऊन, थोडा वारा. वाऱ्याने हललं की खोड जाड होतं, पानावर मेण चढतं. याला रोपं कणखर करणं म्हणतात.”

जेवताना इराने बाबांना सगळं सांगितलं. “छत्तीस?” ते म्हणाले. “नऊ वर्षं होती तिची.” मग त्यांना इराचा चेहरा दिसला. त्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून इरा चारही कुंड्या उचलून बाहेर नेऊ लागली. आधी एक तास, मग दोन. सहाव्या दिवशी ती कुंड्या दाराबाहेर ठेवत होती, तर बाबा धापा टाकत आले.

“आज नको. दुपारी फार जोराचा वारा सुटणार आहे. आत ने, लवकर.”

बोलता बोलता दोन कुंड्या उचलून ते आत शिरलेसुद्धा. आत्याची यादी दिसली तेव्हा थबकले. ती शेवटपर्यंत वाचून झाल्यावरच त्यांनी कुंड्या खाली ठेवल्या.

तेरा दिवसांनी चारही रोपं शेतात लावली. एक पहाटे गोठलेल्या दवाने गेलं. इराने त्याची काळी पडलेली पानं मुठीत धरली, पण या वेळी रोप का गेलं ते तिला ठाऊक होतं. उरलेली तीन वाऱ्यात हलत होती, मोडत नव्हती. महिना संपता संपता एकावर पिवळं फूल आलं.

“पहिला टोमॅटो कुणाचा?” बाबांनी विचारलं.

“कुणाचाच नाही. बी धरायचं. धोंडू, एका टोमॅटोत किती बिया?”

“या वाणात साधारण ऐंशी.”

बाबा मातीतच खाली बसले. जानेवारीपासून ते पहिल्यांदाच रडत होते. इरा त्यांना टेकून बसली.

“मग पुढच्या फेब्रुवारीत तुला एकटीला जमायचं नाही,” डोळे पुसत ते म्हणाले. “पेरायला मी येईन.”