पणजीचा रिकामा चौकोन

आडनाव हा मानवी संस्कृतीचा कणा आहे. राज्यं बुडतात, भाषा मरतात, माणसं येतात आणि जातात; आडनाव मात्र अमर असतं. हे थोर विधान एका मंगळवारी दुपारी, औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने केलं. मग त्याने खिशातून एक पिवळा कागद काढला आणि विचारलं, "हे माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव आहे. जरा वाचून देता का? आमच्या अख्ख्या घराण्याला लागत नाहीये."

काउंटरमागची फार्मासिस्ट डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या लावत होती. तिने मान वर केली.

"हे मेडिकल आहे."

"म्हणून तर आलो! तुम्ही डॉक्टरांचं अक्षर वाचता. त्यापुढे हे म्हणजे..."

"चार वर्षं शिकलेय मी," ती म्हणाली. "औषधं. अक्षर नाही."

"आणि तिचं स्वतःचं अक्षर बघाल तर," कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रामागून आवाज आला, "आमची गिऱ्हाईकं पाकिटावर काय लिहिलंय ते विचारायला दुसऱ्या मेडिकलमध्ये जातात."

ते तिचे बाबा. दुकान लेकीच्या स्वाधीन करून ते निवृत्त झाले होते आणि रोज दुपारी तिथेच येऊन बसत होते. वर्तमानपत्र ते चष्मा मांडीवर ठेवूनच धरत, कारण ऐकायला चष्मा लागत नाही.

तिने रागारागाने कागद ओढून घेतला. पणजीच्या भावाने बहिणीला लिहिलेलं पत्र होतं. खाली सही, आणि घडी नेमकी आडनावावर पडलेली. तरुणाने घाईघाईने सांगितलं, की रविवारी सगळं घराणं जमणार आहे, भिंतीवर वंशावळ लागणार आहे, शुक्रवारी ती छापायला जाईल. आत्या एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला या पणजीने, म्हणजे तिच्या आजीने, वाढवलं. आजीचं माहेर झाडावर लागलेलं बघायचं, एवढीच तिची इच्छा.

"बघू ते झाड."

त्याने काखेतली गुंडाळी उलगडली. सात पिढ्या. ती वाचू लागली आणि तिच्या भुवया वर वर जाऊ लागल्या.

"पत्नी... पत्नी... द्वितीय पत्नी... पत्नी... हे घराणं आहे की मालाची यादी? हा बघा, दीड वर्षाचा असताना गेला. त्याचं पूर्ण नाव. आणि जिने सात पोरं वाढवली ती नुसती 'पत्नी'?"

"मी नाही केलं हो! काकांनी..."

"काढलंय सुंदर अक्षरात कुणी?"

"...मी."

तिने झाड सावकाश गुंडाळून त्याच्या हातात दिलं. हे जास्त वाईट होतं.

"उद्या या. गिऱ्हाईक नसताना."

त्याने रिकाम्या दुकानाकडे एक नजर टाकली. "म्हणजे कधीही...?"

"तीन वाजता!"

नुसतं कसं जायचं, म्हणून त्याने खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तिने आपली पद्धत सांगितली. "चिठ्ठी अक्षरांनी वाचत नाहीत. आजाराने वाचतात. पेशंट कोण, त्याला होतंय काय, हे कळलं की अक्षर आपोआप सुटतं. सांगा. पणजी कशी होती?"

"म्हणजे... जुन्या काळातली..."

"सगळ्यांच्याच पणज्या जुन्या काळातल्या असतात. आत्याला विचारून या."

तो विचारायला गेला. संध्याकाळी परत आला. पुन्हा गोळ्या घेतल्या. पणजी डावरी होती. माहेरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. लग्नाआधी ती तिथे काम करायची. आणि...

"आणि कामात असली की शिट्टी वाजवायची. पणजोबा फार चिडायचे."

बाटली लावता लावता तिचा हात थांबला. "शिट्टी?"

"आत्या सांगते."

ती हसली. पहिल्यांदाच. तरुण दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखा उभा राहिला... दार उघडेना, वर जाईना, खाली येईना.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. एक गोळ्यांचं पाकीट द्या."

गुरुवारी तो आला तेव्हा ती भिंग पुढ्यात ठेवून बसली होती. डोळे लाल.

"तुमच्या घरात हे पत्र कुणी वाचलंय?"

"सगळ्यांनी. पण ते आडनाव..."

"आडनाव नाही हो. पत्र!"

दोन वर्षं अख्खं घराणं त्या सहीवर डोळे फोडत होतं. वरच्या बारा ओळी कुणाच्या कामाच्या नव्हत्या.

तिने वाचलं, "'दुकानात तुझी खुर्ची तशीच ठेवली आहे. तिच्यावर कुणाला बसू देत नाही. तू गेल्यापासून घड्याळं चालतात, पण शिट्टी नाही. लोक काय म्हणतील ते मी बघतो. तुला वाटेल त्या दिवशी ये...'" तिने कागद खाली ठेवला. "गेली का ती?"

"नाही. आत्या म्हणते, माहेरी कुणी बोलावलंच नाही म्हणून आजी आयुष्यभर झुरली."

"पत्र सापडलं कुठे?"

त्याचा आवाज बारीक झाला. "पणजोबांच्या पेटीत."

मग ती जे काही बोलली ते पणजोबांनी ऐकायला हवं होतं. साठ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला कुणी एवढं फैलावर घेतलेलं तरुणाने कधी पाहिलं नव्हतं. त्याला ते अतिशय आवडलं.

"आणि आडनाव?" त्याने भीत भीत विचारलं.

"पहिलं अक्षर लागतं, शेवटचं लागतं. मधलं घडीने खाल्लं. नाही लागत."

"काका म्हणतात, या दोन अक्षरांत बसणारं एक मोठं घराणं आहे. तेच टाकू. शोभून दिसेल."

"शोभून?" ती उभी राहिली. "शंका असली तर मी अंदाजाने गोळी देत नाही. डॉक्टरला फोन करते, नाहीतर गिऱ्हाईक परत पाठवते. एकदा तिचं पत्र दाबलंत. आता तिच्यावर उसनं आडनाव चिकटवा!"

"पण उद्या छापायला..."

"छापा! आणि परत इथे खोकल्याच्या गोळ्या मागायला येऊ नका. तुम्हाला खोकला नाहीये!"

तो पत्र उचलून गेला. शुक्रवारी आला नाही. शनिवारीही नाही. तिला भयंकर संताप आला. येऊ नका म्हटलं की येत नाही, म्हणजे काय पद्धत झाली ही?

"खोकल्याची साथ ओसरली वाटतं," वर्तमानपत्र म्हणालं.

"बाबा!"

सोमवारी तीन वाजता तो आला. त्याने काउंटरवर गुंडाळी पसरली. झाड नवं होतं. प्रत्येक बाईला नाव होतं. पणजीच्या नावापुढे आडनावाच्या जागी एक रिकामा चौकोन, आणि त्याखाली लिहिलं होतं: 'घड्याळं दुरुस्त करायची. शिट्टी वाजवायची. भावाने तिची खुर्ची राखून ठेवली होती.'

"काका?" तिने विचारलं.

"न जेवता गेले."

"आत्या?"

"मी पत्र वाचून दाखवलं. बराच वेळ झाडासमोर उभी राहिली. मग सगळ्यांच्या देखत तिने शिट्टी वाजवली... एक्याऐंशीव्या वर्षी. मोडकी होती. पण वाजली."

तिने नजर झाडाच्या खालच्या टोकाला नेली, तर तिथे, त्याच्या नावाशेजारी, आणखी एक रिकामा चौकोन.

"हा कशाला?"

"तिथेही शंका आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "अंदाजाने भरायचं नाही, असं मला एका ठिकाणी शिकवलंय... विचारायचं."

"आणि तिथे 'पत्नी' लिहिणार असाल तर..."

"पूर्ण नाव. आहे तेच. लिहिणारीच्या हाताने."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग कानामागची पेन्सिल काढली, चौकोनात काहीतरी खरडलं आणि पुन्हा थेंबांच्या बाटल्यांकडे वळली. त्याने मान डावीकडे वाकवून पाहिलं, उजवीकडे वाकवून पाहिलं.

"हे... पहिलं अक्षर..."

"अंदाज करायचा नाही," पाठमोरी ती म्हणाली. हसू लपत नव्हतं. "न लागल्यास रोज येऊन विचारायचं."

"किती दिवस?"

"वाचता येईपर्यंत. आणि आल्यावर... त्यापुढेही."

वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

"अहो वंशावळवाले," बाबा म्हणाले, "जरा पाय उचलता का? मघापासून माझ्या चष्म्यावर उभे आहात."