पिवळी नखं

पावसानं सामना थांबला होता... आणि नखं रंगवायच्या त्या चिमुकल्या दुकानात चिखलानं बरबटलेला एक दांडगा बाप्या शिरला.

"भडक पिवळा लाव," त्यानं उजवा पंजा दुकानवाल्या मॅव्हिसपुढे ठेवला. "फक्त याच हाताला."

"का? डाव्यानं काय घोडं मारलंय?"

वेंडेल खळखळून हसला. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या त्या गावच्या बेसबॉल संघाचा तो कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. समोरून चेंडू फेकणाऱ्या पिचरनं कुठला चेंडू टाकायचा ते यानं उकिडवं बसून, मांड्यांच्या आडून बोटांनी विचारायचं: एक म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा. पिचरनं मान डोलावली की हो. सांजावलं की बोटं दिसत नाहीत, म्हणून हा रंग.

"म्हणजे न बोलताच सगळं विचारता की तुम्ही!"

"विचारतो गं... पण तू मान कुठे डोलावतेस?"

मेल्याची जीभ भारी गोड! मग दर सामन्याआधी तो येऊ लागला, आणि ती त्याचा पंजा जरा जास्तच वेळ हातात धरू लागली.

ऑगस्टमध्ये एक चेंडू बॅटला निसटता लागून थेट त्याच्या तोंडावरच्या जाळीदार मुखवट्यावर आदळला. असे मार त्यानं याआधीही खाल्ले होते. पण त्या आठवड्यात एका दुपारी वेंडेलनं पंजा पुढे केला, "भडक पिवळा!" आणि मॅव्हिसच्या काळजात चर्र झालं. सकाळीच तिनं लावलेला रंग नखांवर तसाच होता.

"कोचला सांगू नकोस," तो गयावया करू लागला. "मोठ्या संघाचं बोलावणं येतंय. जन्मभर याचीच वाट पाहिलीय मी."

"आणि परत डोक्याला लागलं तर?"

"सांगितलंस तर तोंड बघणार नाही तुझं."

तिनं सांगितलं. रडत रडत सांगितलं. डॉक्टरांनी त्याचा खेळ कायमचा बंद केला, आणि त्यानं तिच्याशी बोलणं.

एप्रिलच्या पावसात दुकानाचं दार उघडलं. वेंडेल पार वाळला होता. त्यानं उजवा पंजा पुढे केला.

"आता कोणाला दाखवायचीत बोटं?" तिनं पिवळ्या रंगाची बाटली उघडत विचारलं.

"तुला. सगळंच निसटतंय गं डोक्यातून... तुझ्यावरचा रागही निसटला, बघ."

तिनं नखं रंगवली. त्यानं टेबलाखालून हळूच एक बोट दाखवलं. "एक म्हणजे... लग्न करशील माझ्याशी? नीट विचार कर. आज नावं विसरतोय, उद्या तुलाही विसरेन."

मॅव्हिसनं मान डोलावली. दोघंही रडले, हसले.

रंग वाळेपर्यंत तो बाहेरच्या पावसाकडे बघत बसला. मग वळला, लाजला, आणि टेबलाखालून पुन्हा एक बोट दाखवलं.

"एक म्हणजे..." तो चाचरला, "लग्न करशील माझ्याशी?"

मॅव्हिसनं ते बोट मुठीत धरलं. मग त्यानं पहिल्यांदाच विचारल्यासारखी ती लाजली, आणि तिनं मान डोलावली.