विकायचा नसलेला रेडिओ

“रेडिओचा भाव काय?”

दारात उभी, केसांतून पाणी निथळतंय, आणि तिचं पहिलं वाक्य हे! ना नमस्कार, ना ‘आत येऊ का’. काउंटरमागचा मुलगा चार्जरच्या वायरींचा गुंता सोडवत बसला होता. त्याने वर पाहिलं... आणि सुटलेल्या वायरी पुन्हा गुंतल्या.

“कोणता?”

“तो, वरच्या फळीवरचा. छोटा, सेलवर चालणारा.”

“घ्यायचाय?”

“नाही.”

“मग भाव कशाला?”

“नोकरीच आहे माझी. भाव विचारायची.”

तो खो खो हसला. “ही नोकरी असते? माझी आई फुकट करते की!”

असते, खरंच असते. महागाई किती वाढली हे सरकारला कळावं म्हणून दर महिन्याला त्याच दुकानात जाऊन त्याच वस्तूचा भाव लिहायचा. आधीचं रेडिओचं दुकान बंद पडलं होतं. नियमाप्रमाणे जवळचं दुसरं शोधत ती भर पावसात इथवर आली होती.

तिने अर्थशास्त्र घेतलं तेव्हा घरात कोण गहजब! बाबा म्हणाले, “पुढे काय?” आत्या म्हणाली, “बँकेत चिकटली तरी देव पावला.” मामाने तर तिला थेट मंत्र्यांची सल्लागार करून टाकलं. प्रत्यक्षात वर्गातले सगळे पांगले. कुणी बँकेत, कुणी विम्यात, एक जण कॉलेजात शिकवायला. आणि तिच्या वाट्याला आलं हे अनोळखी शहर, भाड्याची एक खोली आणि आकडेवारी खात्यातली कच्ची नोकरी. काम चोख झालं तरच पक्की.

दिवसभर ती बोलत असायची. साबण केवढ्याला? छत्री? पायमोजे? संध्याकाळी खोलीवर आली की चिडीचूप. घरमालकीण जिन्यात भेटायची ती फक्त “नळ नीट बंद करत जा” म्हणायला. रात्री आईचा फोन आला की पटकन आवाजच फुटायचा नाही.

“सर्दी झालीय का गं?”

“हो... थोडी.”

पुढच्या महिन्यात त्याने तिला लांबूनच ओळखलं. “या, मॅडम! आज किती भाव देऊ तुम्हाला?”

“मला नको. रेडिओला द्या.”

“तो आता शेफारलाय. दर महिन्याला बघायला येतं ना कुणीतरी!”

“येणारच. फळीवर तो असेतोवर यावंच लागतं. नसला की दुकान यादीतून बाद.”

हे ती अगदी सहज बोलून गेली. मग गप्पा वाढल्या. तो कॉमर्सला होता, पण वडील गेले आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून त्याला दुकानात बसावं लागलं. घरी आई, बस्स. तिच्या कामाच्या यादीत हे दुकान सकाळी होतं. ती मात्र ते दिवसाच्या शेवटाला ठेवायला लागली. शेवटचं कुणाशी तरी नीट बोलून झालं की मग खोली जरा कमी रिकामी वाटायची.

असे कितीतरी महिने गेले. एका संध्याकाळी ती पायरीवर पोचली तेव्हा आत काठी टेकत एक आजोबा उभे होते.

“तो रेडिओ दे रे. बायकोला दिसत नाही हल्ली. उशाशी ठेवीन म्हणतो.”

“आजोबा, तो विकायचा नाही.”

ती पायरीवरच थबकली. “विकायचा नाही? कधीपासून?”

तो दचकला. कानाच्या पाळ्या लालबुंद. “तुम्ही... तुम्ही यायला लागल्यापासून.”

“म्हणजे?”

“शेवटचा आहे हो तो. कंपनीने बनवणं बंद केलं. हा गेला की मी यादीतून बाद, तुम्हीच म्हणाला होतात. मग तुम्ही कशाला याल?”

खोटं कशाला बोलू, तिला तिथल्या तिथे गिरकी घ्यावीशी वाटली! पण त्याच क्षणी वहीत लिहिलेले सगळे भाव डोळ्यांपुढे आले.

“जे विकायचंच नाही, त्याला भाव नसतो. इतके महिने मी खोटं लिहीत आले.”

“कुणाला कळणार आहे?”

“मला कळलं ना. आजोबांना देऊन टाका.”

त्याने देऊन टाकला. ती मागे वळून न पाहता निघाली.

ऑफिसात मोठ्या बाईंना तिने सगळं सांगितलं. म्हणजे, कानाच्या पाळ्या सोडून सगळं. पक्की नोकरी गेलीच, असं धरून चालली होती ती. बाईंनी चष्मा काढला. “एका रेडिओने देश बुडत नाही. पण लपवलं असतंस, तर मी तुला घरी पाठवलं असतं.” त्यांनी ते सगळे भाव खोडले, आणि दुकानही.

नवीन दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला. मोठं, काचेचं, थंडगार. तिथे भाव चिठ्ठीवरच छापलेला होता. तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. ती लिहून बाहेर आली, तरी कुणी मान वर केली नव्हती.

त्या रात्री आईने विचारलं, “सर्दी अजून आहेच?” आणि ती फोन ठेवून खूप रडली.

सुट्टीच्या दिवशी ती गेली. हातात पिशवी नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. तो रिकाम्या फळीखाली बसला होता.

“आता तर विचारायला काही उरलं नाही,” तो हळूच म्हणाला.

“विचारायला नाही आले. सांगायला आलेय.” आणि मग धडाधडा, श्वास न घेता... “मी दिवसभर बोलते. शंभर दुकानांत बोलते. पण या शहरात मी कुणाशी बोलले असेन ना, तर फक्त तुमच्याशी. तुम्ही फळीवर काही ठेवा, नका ठेवू. मी येणार. चालेल?”

तो उठला, बाहेर आला, आणि खडखडत शटर ओढलं.

“भरदुपारी दुकान बंद?”

“मालक आहे मी. सांग, कुठे जायचं?”

तिला सुचेचना. साबण कुठे मिळतो ते माहीत, छत्र्या कुठे ते माहीत, बाकी शहर कोरं.

“जिथे काहीच विकत नाहीत, असा रस्ता आहे इथे?”

“नदीकडे आहे एक. पण बघण्यासारखं काही नाही हं तिथे.”

“चालेल!” ती म्हणाली, आणि त्याच्या आधीच झपाझप चालायला लागली.

“अगं... अगं, नदी इकडे!”