दोन मीटर नऊ सेंटिमीटर

"माणूस गेला, चूक सापडली, करणाऱ्याने कबूलही केली. तुम्ही फक्त सही करायला या," खाणमालक फोनवर म्हणाला.

असल्या आयत्या प्रकरणांचा तपासनीस बाईंना भारी राग. पंधरा वर्षं दगडखाणींतले अपघात बघून मन पार बधिर झालं होतं, पण डोकं ठिकाणावर होतं. तासाभरात त्या खाणीवर हजर झाल्या.

भांडाराच्या पायरीवर मेहुणा बसला होता. सगळी खाण त्याला मेहुणाच म्हणे, कारण सुरुंग पेटवणारा उस्ताद त्याच्या ताईचा नवरा. काल दुपारी उस्ताद स्वतःच पेटवलेल्या सुरुंगात गेला.

"सुरुंगाची वात तू कापलीस?"

"हो."

"किती?"

"तीन मीटर. नाही... तीन फूट असेल. टेपच्या एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला फूट. सगळे म्हणतात, उलटी बाजू धरली असशील. धरली असेल."

"तुला आठवतंय का?"

"बाई, दाजी गेले. आता आठवून काय करू?"

तीन मीटर वात पाच मिनिटं जळते. तीन फूट म्हणजे एक मीटरसुद्धा नाही, ती दीड मिनिटात संपते. उस्ताद तेव्हा चढणीवर अर्ध्यातच होता.

ताई भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे ठणठणीत.

"न्या त्याला. कालच सांगितलंय मी, तू मला मेलास." मग तशाच सपाट आवाजात म्हणाली, "हे आज मालकाशी बोलणार होते. भांडारात सुरुंगाच्या कांड्या कमी भरतात म्हणून. राहिलंच ते."

फाटकाशी पोलिसांची जीप मेहुण्यासाठी येऊन थांबली.

बाई भांडारात शिरल्या. भांडारी मोठा टापटिपीचा माणूस. भिंतभर खिळे, खिळ्यांना दोऱ्या, तारा, वातींचे तुकडे आणि प्रत्येकाला लांबी-तारखेची चिठ्ठी. वीतभर सुतळीसुद्धा फेकलेली नव्हती.

"कापल्यावर वात कुणाकडे आली?"

"माझ्याकडे. भोकात ओल असते, म्हणून वेटोळं कांडीसकट मेणकागदात बांधून देतो. बाहेर टोक तेवढं दिसतं."

"तुम्ही मोजली नाहीत?"

"अहो, घरचा माणूस कापतो. त्याच्यावर काय अविश्वास दाखवायचा?"

बाई खिळ्यांवरून नजर फिरवत गेल्या आणि एका चिठ्ठीपाशी थांबल्या. मग मालकाला बोलावून वातीचं रीळ सगळ्यांसमोर उलगडून मोजायला लावलं.

"परवा रिळात किती होती?"

"नव्वद मीटर," भांडारी म्हणाला.

"आज सत्त्याऐंशी भरली. मेहुण्याने तीन फूट कापली असती, तर एकोणनव्वदच्या वर उरली असती. पोराने तीन मीटरच कापली."

"मग वात लवकर कशी संपली?" मालकाने विचारलं.

बाईंनी खिळ्यावरचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. "चिठ्ठी वाचा."

"दोन मीटर नऊ सेंटिमीटर. तारीख कालची."

"तीन फूट म्हणजे एक्क्याण्णव सेंटिमीटर. त्यात हे दोनशे नऊ मिळवा. तीनशे, पुरते तीन मीटर. कागदात बांधताना हा तुकडा कापून घेतला आणि नेमके तीन फूट ठेवले. फूट-मीटरची गल्लत दिसावी, खापर मेहुण्यावर फुटावं आणि कांड्यांची चोरी उस्तादाबरोबरच गाडली जावी. भांडारी, अक्षर तुमचंच ना?"

भांडाऱ्याने हात पुढे करून चिठ्ठीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"टाकवत नाही हो मला काही," तो पुटपुटला.

हवालदार त्याला जीपकडे घेऊन गेला. मेहुणा पायरीवरून हललाच नव्हता.

"बाई, म्हणजे माझी तीन मीटरच होती?"

"तीन मीटरच."

ताई भिंत सोडून आली आणि त्याच्याशेजारी बसली. कालपासून ती त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती.

"दाजींनी जाताना विचारलं होतं, नीट मोजलीस ना?" मेहुणा म्हणाला. "मी म्हटलं, हो दाजी, तीन मीटर."

"खरं तेच सांगितलंस रे त्यांना," ताई म्हणाली, आणि तिला पहिल्यांदा रडू फुटलं.