हात सोडा, महाग पडन

कुहीच्या बाजारात त्या सकाळी दामिनीनं एका अनोळखी मुलाचा हात धरला, तोही शे-दोनशे माणसांच्या देखत, आणि धरूनच ठेवला.

हात दुपट्ट्याखाली होता, म्हणून दिसत कुणालाच नव्हता. पण काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं, कारण शेळ्यांच्या बाजारात भाव असाच ठरतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून बोलतात. एक बोट म्हणजे एक हजार. तोंडानं कुणी अवाक्षर काढत नाही. दामिनीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. समोरच्या मुलानं तिची दोन बोटं अलगद दाबली. तिला वाटलं, सौदा पटला, आता हात मिळवायचा असतो. तिनं त्याचा अख्खा पंजा धरला आणि चांगला घट्ट दाबला.

भोवतीचे दलाल हसायला लागले. मुलगा मात्र हसला नाही. जरा पुढं झुकून तो हळूच म्हणाला, “मॅडम, हात सोडा... महाग पडन.”

“काहून?”

“मी दोन वाढवून मागून राहिलो होतो. तुम्ही पाच देऊन राहिल्या.”

दामिनीनं हात सोडला. म्हणजे, सोडायचा म्हणून सोडला. बोटं जरा रेंगाळलीच.

“मग घ्यायचे होते ना पाच,” ती म्हणाली.

“चुकून दिलेलं मी घेत नाही.”

“आणि समजून-उमजून दिलं तर?”

त्यानं दुपट्टा झटकला, गळ्यात टाकला आणि मान खाली घालून बोकडाची दोरी सोडायला लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डिसेंबरची थंडी होती म्हणा... पण इतकीही नव्हती.

दामिनी तशी गप्प बसणारी मुलगी नव्हतीच. नागपुरातल्या विणकरांच्या घरची, सावजी रश्श्यावर वाढलेली, कॉलेजात वक्तृत्वाची सगळी बक्षिसं उचललेली. चोविसाव्या वर्षी ती शेळीपालक संघाची युवा प्रवक्ता झाली होती. शेळीपालन कसं करावं, मटण का खावं, बेरारी जातीचा बोकड दिसतो कसा, हे गावोगाव फिरून सांगायचं तिचं काम. नात्यातल्या बायका नाक मुरडून विचारायच्या, पोरगी करते काय? तर हीच पुढं होऊन सांगायची, “मी मटणाची बाजू मांडते, काकू. या जेवायले.” फक्त हातात माइक आला की तिची घरची बोली कुठं जायची कुणास ठाऊक, भाषण अगदी छापल्यासारखं.

तीन आठवड्यांचा दौरा होता. शेवट नागपुरातल्या कृषी मेळाव्यात. दौऱ्यात दाखवायला एक देखणा बोकड हवा, म्हणून संघाचे अध्यक्ष मधुकररावांनी तिला बाजारात पाठवलं होतं. मधुकरराव स्वतः मोठे व्यापारी. “जाय पोरी, थोडा बाजार शिक,” म्हणाले होते.

बोकड मिळाला. तांबूस अंगाचा, पाठीवर काळी रेघ, चाल अशी की नाव ठाणेदारच शोभावं, आणि तेच होतं. टेम्पोत चढवताना तो मुलगा, कुशल त्याचं नाव, संघाच्या टेम्पोचा चालक बळीराम याला म्हणाला, “काका, एक अडचण आहे. हा माह्या हाताशिवाय चारा खात नाही.”

“मंग?” बळीरामनं विचारलं.

“मंग... मले पण यावं लागन.”

अशा रीतीनं एका बोकडासोबत एक माणूस दौऱ्यावर निघाला.

रोज नवं गाव. सकाळी धुक्यातून टेम्पो निघायचा, दोन्ही बाजूला तुरी उभ्या, खळ्यांवर धानाचा वास. दामिनी बोलायची, कुशल ठाणेदाराला धरून शेजारी उभा राहायचा. तो तिच्याकडे बघायचा नाही, पण ती पाणी मागायच्या आत बाटली पुढं यायची. भाषण संपलं की बायका माइककडे येतच नसत. येत त्या कुशलकडे. बकरीनं चारा सोडला, पिल्लू उभं राहत नाही, असलं सगळं त्यालाच विचारत.

“माझ्या भाषणात काही खोट आहे का?” एकदा तिनं विचारलं.

“छे. लय शुद्ध आहे.”

“ही तारीफ आहे?”

“बकऱ्यायले नाही समजत, एवढंच.”

ती रुसली. त्यानं दुपारी टेम्पोच्या टपावर तिच्यासाठी सोललेली संत्री ठेवली. तिनं ती रुसलेल्या तोंडानंच सगळी खाल्ली.

आठवड्याभरानं उमरेडला तिनं बघितलं, तर बळीराम आपल्या डब्यातली भाकर ठाणेदाराला चारत होता आणि ठाणेदार मिटक्या मारत होता.

“काका, हा खातो तुमच्या हातून?”

“माह्या? अवं, हा पहिल्या दिवसापासून सगळ्यायच्या हातून खाते. काल तुह्या ओढणीचा गोंडा खाल्ला.”

दामिनी तडक हौदावर गेली. कुशल बादली भरत होता.

“बोकड तुझ्याशिवाय खात नाही म्हणे.”

बादली भरून वाहायला लागली, तरी त्यानं नळ बंद केला नाही.

“खोटं काहून बोललास?”

“पुरं खोटं नव्हतं.” तो नळाकडे बघत म्हणाला. “एक जण जेवणार नव्हता, हे खरं होतं. कोण... ते फक्त चुकीचं सांगितलं.”

तिनं वाकून नळ बंद केला. परत येताना मात्र चालता चालता ती स्वतःशीच हसत होती, आणि ते पाहून बळीराम ठाणेदाराला म्हणाला, “घे, खाय अजून.”

सगळं असं गोडीगुलाबीनं चाललं असतं, पण मग कामठीचा बाजार आला.

तिथं रुख्माबाई नावाची एक म्हातारी आपला बोकड घेऊन बसली होती. दलाल आला, दुपट्टा पडला, बोटं दाबली गेली. दामिनीनं बघितलं, म्हातारीचा हात दुपट्ट्याखालून बाहेर आला तो सुकल्यासारखा. दलालानं बोकडाच्या गळ्यात आपली दोरी अडकवली आणि तो चालता झाला.

“मावशी, मनासारखा भाव नाही भेटला का?”

“तो म्हणते पस्तीस किलोचा आहे.” रुख्माबाई रिकामं दावं गुंडाळत होती. “याची माय याले टाकून मेली. मी याले बाटलीनं दूध पाजलं, थंडीत पदरात घेऊन झोपली. रोज उचलून पाहे. लेकरू किती भारी झालं ते कंबरेले समजते ना वं. पंचेचाळीसच्या आत नव्हता तो. पण मी म्हणून काय होते.”

दामिनी कुशलकडे वळली. “तू तिथंच उभा होतास. तुला जनावराचं वजन कळतं. काहून नाही बोललास?”

“मी बोलून कोण ऐकन?” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. “खाटकाच्या दुकानात पावशेर मटण तोलून भेटते. बाजारात अख्खी बकरी नजरेनं जाते. सगळ्यायले माहीत आहे. तुमचे अध्यक्षही अशीच घेते. माइक माह्याजवळ नाही, मॅडम. तुमच्याजवळ आहे. अन् तुम्ही लोकायले पौष्टिक-पौष्टिक सांगून राहिल्या.”

“माझी नोकरी आहे ती.”

“हो. ते आहेच.”

दोन दिवस दोघं बोलले नाहीत. पाण्याची बाटली वेळेवर येत होती, पण ती बळीरामच्या हातून.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दामिनी घरी आली. बबनराव, तिचे वडील, एकेकाळी हातमागावर बसायचे. आता सूत विकणाऱ्या दुकानात कामाला होते. जेवताना तिनं सगळं सांगितलं. कुशलचं जरा जास्तच सांगितलं, असं तिच्या आईच्या नजरेवरून दिसलं.

बबनराव भात कालवत म्हणाले, “आमच्या धंद्यात सूत तोलून भेटे, कापड तोलून घेत. बिनातोल एक धागा नाही गेला. अन् जित्ता जीव नजरेनं विकते?” मग दोन घास खाऊन म्हणाले, “दुकानातला काटा उद्या रिकामाच आहे.”

सकाळी टेम्पोत काटा चढवताना कुशल पुढं आला. त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“नका करू. मी रागानं बोललो होतो. तुमची नोकरी जाईन.”

“जाईन त जाईन.”

“मंग मी तुमाले कोणत्या कारणानं भेटू?”

ती थांबली. काट्याची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “नवीन कारण शोध. जुनं त खोटं निंगालं.”

मेळाव्याचा मंडप भरला होता. पहिल्या रांगेत मधुकरराव आणि त्यांचे व्यापारी मित्र, मागं प्रदर्शनाला आपापल्या बकऱ्या घेऊन आलेल्या गावोगावच्या बायका. त्यांत रुख्माबाईही होती, एक काळी बकरी दाव्याला धरून. दामिनीनं माइक घेतला. “आदरणीय अध्यक्ष महोदय...” म्हणाली आणि थांबली. तिनं मागच्या रांगांकडे बघितलं.

“हे पाहा,” ती म्हणाली, “मी तीन हप्ते छान-छान बोलून राहिली. आज मले एकच गोष्ट विचाराची आहे. कुशल, ठाणेदाराले वर आण.”

मागच्या रांगा पुढं सरकून बसल्या. ही भाषा माइकवरून कुणी ऐकली नव्हती.

“समोर बसलेले सगळे जाणते आहेत. सांगा बरं, हा किती किलोचा?”

व्यापाऱ्यांना मजा वाटली. एकानं अडतीस सांगितलं, एकानं चाळीस. मधुकरराव खुर्चीत सावरून बसले. त्यांना पुढचं कळलं होतं, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मित्रांचे अंदाज खोडणार कसे. “बेचाळीस,” ते म्हणाले.

कुशलनं बोकडाला काट्यावर चढवलं. जनावर हललं की लाल आकडे नाचत, म्हणून त्यानं ठाणेदाराच्या मानेवर हात ठेवला, कानाशी काहीतरी पुटपुटला. बोकड उभा राहिला. आकडे थांबले.

दामिनीनं माइकवर वाचलं, “त्रेपन्न.”

कुणी टाळी वाजवली नाही. त्याऐवजी मागून एक बारीक आवाज आला, “माही पण तोलून पाहा वं.” मग दुसरा. मग बायका बकऱ्या ओढत पुढं यायला लागल्या, आणि व्यासपीठासमोर रांगच लागली.

“ज्याले बकरी घ्याची असन त्यानं किलोनं घ्यावी,” दामिनी म्हणाली. “मी मटणाची बाजू मांडते. अन् मटण जिनं वाढवलं तिची बाजू त्यातच येते. हे बोलल्यानं मले काढाचं असन त काढा.”

मधुकररावांनी तिला व्यासपीठामागं बोलावलं. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.

“मले न विचारता केलं तू.”

“विचारलं असतं त नाही म्हटलं असतं तुम्ही.”

“म्हटलंच असतं.” त्यांनी पडद्याच्या फटीतून रांगेकडे बघितलं. “आता तुले काढलं त या बाया मलेच तोलतीन. राहाय. अख्ख्या विदर्भात फिर आपला काटा घेऊन. पण टेम्पो नाही देणार मी. एसटीनं जाय.”

“जाईन, काका,” ती म्हणाली. टेम्पो गेल्याचं दुःख करायला तिला सवडच नव्हती.

बाहेर आली, तर ठाणेदाराला संघाकडून भिवापूरच्या एका शेळीपालकानं पैदाशीसाठी घेतलं होतं, त्रेपन्न किलोच्या भावानं. कुशल रिकाम्या हातानं काट्याशेजारी उभा होता. समोर रुख्माबाईची काळी बकरी काट्यावर चढून बसली होती.

“काय म्हणाले अध्यक्ष?”

“नोकरी आहे. टेम्पो नाही. काटा एसटीनं न्यावा लागन.”

“जड आहे काटा.”

“आहे.”

“उचलाले माणूस लागन.”

“हे पाह्य गा,” दामिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काटा उचलाले हमाल मले कोणत्याही बसस्टँडवर भेटते. तू काय म्हणून येशीन, ते सांग.”

त्यानं ओठ हलवले. रांगेतल्या चार-पाच बायका बोलणं सोडून त्याच्याकडे बघायला लागल्या.

“तुह्या... सोबतीनं म्हणून,” तो म्हणाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं तिला अगं-तुगं केलं.

“काय म्हणला हा?” रुख्माबाईनं हात कानाशी नेला. “मले नाही ऐकू आलं.”

कुशलनं एकदा वर मंडपाकडे बघितलं, एकदा दामिनीकडे. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, “हिच्यासोबत येईन म्हणलं, मावशी. जिंदगीभर. ही हो म्हणत असन त.”

युवा प्रवक्ता दामिनीनं नुसती मान हलवली, एकदा, आणि मग कुणाला दिसली नसेल म्हणून पुन्हा एकदा.

“झालं ना?” रुख्माबाई म्हणाली. “मंग आता माह्या बकरीचं सांगा. लगन मंग करजा.”

दामिनी आकडा वाचायला वाकली. पण डोळे असे भरून आले होते की तिला नुसता लाल उजेड दिसत होता, आकडा काही दिसेना. कुशल तिच्या शेजारी वाकला, बकरीच्या मानेवर हात ठेवला, आकडे थांबेपर्यंत थांबला आणि त्यानं वाचून दाखवला. मोठ्यानं.