मोरेश्वरचं आमंत्रण

अनिका, वीर, शेकोटीवरचे ते मार्शमॅलो आधी खाऊन टाका. नंतर घशाखाली उतरणार नाहीत, मग काकाला नावं ठेवाल.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. इथल्याच, अल्फारेटाच्या मोरेश्वरनं मला स्वतः सांगितलंय. तो मूळचा अलिबागचा. बाकी कशाबद्दलही थापा मारेल, पण माशांबद्दल नाही.

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. सर्वपित्री अमावस्या होती, पण आमचं कॅलेंडर फोनमध्ये आणि त्यात नुसत्या मीटिंगा. मोरेश्वर आणि त्याचा मित्र केदार मराठी मंडळाचे तबले नॉक्सव्हिलला पोचवून परत येत होते. डोंगरात रस्त्याला लागून नदी दिसली आणि मोरेश्वरनं गाडी थांबवली.

"अर्धा तास फक्त! ट्राउट आहे यार इथं, सोडायचा?"

"तुझा अर्धा तास माहीत आहे बे मला," केदार म्हणाला. तो नागपूरचा.

फोनवरच एका दिवसाचं लायसन्स काढलं, डिकीतला गळ काढला. सात वाजेपर्यंत दोन मासे लागले. काठावरच साफ केले. अस्वलं येऊ नयेत म्हणून आतडी-कल्ले फॉइलवर गोळा करून ठेवले, आणि छोट्या स्टोव्हवर तिखट-मीठ-रवा लावून मासे तळले.

पहिला घास हातात, तेवढ्यात नदीतून कुणीतरी चालत येताना दिसलं. उंच. निथळत. अंधारात चेहरा कळेना. मोरेश्वर सवयीनं बोलून गेला, "या जेवायला!"

आपण म्हणतोच ना? समोरच्यानं "होऊ द्या, होऊ द्या" म्हणून पुढं जायचं असतं.

ते पुढं गेलं नाही. बसलं.

दगडावर मोरेश्वरचं जॅकेट होतं, बरोबर त्याच्यावर बसलं. गाडीची किल्ली जॅकेटच्या खिशात. लायसन्सपुरती आलेली फोनची रेंजही आता गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

केदारनं तळलेला तुकडा पुढं केला. त्या पाहुण्यानं तिकडं बघितलंही नाही. आतड्यांचं फॉइल ओढून घेतलं. मूठ भरली. तोंडाशी नाही नेली... कानामागं नेली. तिथं कल्ले होते. लाल. ओले. उघडमीट करणारे. त्यातून आतडी आत गेली... सुर्रकन.

ईऽऽ काय, अनिका? म्हणून म्हटलं होतं, आधी खा.

वास असा, की केदारनं नाक बाहीत खुपसलं. फॉइलवरचं संपलं. पाहुण्यानं फॉइल चाटलं. मग मान वळली. केदारच्या बोटांकडं. त्यांना माशाचं तेल लागलेलं. गार, बुळबुळीत हात पुढं आला. केदारच्या मनगटावर टेकला. आवळला.

कल्ले उघडले.

मोरेश्वरला घरची पंगत आठवली. पाहुणा ताटावरून उठतो कधी? आईच्या सुरात कसंबसं म्हणाला, "झालं ना पोटभर? हात धुवून घ्या... पाणी तिकडं."

...

मनगट सुटलं. ते उठलं. नदीशी गेलं. वाकलं. हात चोळायला लागलं. सावकाश...

जॅकेट. किल्ली. गाडी.

नव्वद मैल चारी काचा उघड्या टाकल्या, तरी तो वास गेला नाही.

सकाळी मोरेश्वर गाडी धुवायला गेला. मागच्या सीटवर माशांचे सांगाडे. चोखून लख्ख केलेले, एका ओळीत मांडलेले. अकरा. यांनी पकडले होते दोन.

ओळीच्या शेवटी एक दाढ. माणसाची. चांदी भरलेली.

मोरेश्वरनं जिभेनं आपल्या दाढा चाचपल्या. केदारला फोन करून त्याच्याही मोजायला लावल्या.

दोघांच्याही सगळ्या जागेवर होत्या.